स्विमिंग पूलला ओझोन बसवलाय? तो काम करतोय का, हे कसं तपासायचं

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पूलला ओझोन मशीन बसलं तेव्हा मी मॅनेजिंग कमिटीत होते. बसवणाऱ्या माणसाने पूलच्या काठावर बसून काचेच्या नळीत पाणी घेतलं, एक गोळी टाकली, पाणी गुलाबी झालं. “बघा मॅडम, ओझोन,” तो म्हणाला आणि आम्ही सही केली. ओझोन आहे म्हटल्यावर क्लोरीन हळूहळू कमी करत नेला. तीन आठवड्यांत पाणी हिरवट झालं आणि दोन मुलांचे कान दुखायला लागले. नंतर कळलं, की तो गुलाबी रंग क्लोरीनचाच होता. ती गोळी दोघांनाही रंग देते.

त्यानंतरच्या वर्षभरात मी वाचून, लॅबवाल्यांना विचारून आणि ऑपरेटर काकांबरोबर पंप रूममध्ये उभं राहून जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुम्ही कमिटीत असाल, जिम किंवा रिसॉर्टचा पूल सांभाळत असाल, तर निदान आमची चूक तुमच्याकडून होऊ नये.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा

ओझोन म्हणजे ऑक्सिजनचे तीन अणू असलेला वायू. तो क्लोरीनपेक्षा जोरकस आहे, पण टिकत नाही. स्वच्छ, थंड पाण्यात वीसेक मिनिटांत निम्मा होतो. एप्रिलमध्ये पूलचं पाणी तीस अंशांच्या वर जातं, त्यात घाम, तेल आणि सनस्क्रीन असतं. तिथे तो त्याहून खूप लवकर संपतो. म्हणून ओझोनचं काम पूलमध्ये होत नाही. ते पंप रूममधल्या एका बंद टाकीत होतं. पाणी तिथे ओझोनला भेटतं, उरलेला ओझोन काढून टाकला जातो आणि पाणी पूलमध्ये परत येतं. पूलमध्ये शेजारी पोहणाऱ्याच्या अंगावरून आलेले जंतू तिथल्या तिथे मारायला क्लोरीनच लागतो. “क्लोरीन-फ्री ओझोन पूल” असं सांगून कोणी मशीन विकत असेल, तर त्याच्याकडून काही घेऊ नका.

मग ओझोन बसवायचा कशाला? कारण काही जंतूंपुढे क्लोरीन तोकडा पडतो. १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) क्लोरीनमध्ये ई. कोलाय एका मिनिटाच्या आत मरतो आणि जिआर्डिया या पोटाच्या परजीवीला पाऊण तास लागतो. जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडियम मात्र दहा दिवसांहून जास्त तग धरतो. ओझोन त्याला क्लोरीनपेक्षा कितीतरी लवकर निकामी करतो. शिवाय डोळे झोंबवणारे क्लोरामाईन्स ज्या घाणीपासून बनतात, तिचा काही भागही ओझोन जाळून टाकतो.

यातून तपासणीचा नियम निघतो. ओझोन तीन जागी मोजायचा आणि प्रत्येक जागी अपेक्षा वेगळी ठेवायची: टाकीत तो सापडला पाहिजे, पूलच्या पाण्यात जवळपास शून्य हवा, आणि माणसं श्वास घेतात त्या हवेत तो नकोच.

काय काय लागेल

- डीपीडीचं फोटोमीटर (डीपीडी म्हणजे पाणी गुलाबी करणारं ते रसायन, फोटोमीटर तो रंग आकड्यात मोजतं) आणि डीपीडी १, डीपीडी ३ व ग्लायसीन या गोळ्या
- इंडिगोचं ओझोन किट, क्लोरीन असलेल्या पाण्यासाठीचं
- पीएच मोजण्याची सोय (बहुतेक फोटोमीटरमध्ये असते)
- हवेतला ओझोन मोजणारं छोटं मीटर. महाग आहे, बसवणाऱ्या कंपनीकडून दोन दिवसांसाठी मागून घ्या
- काचेचं बीकर, थर्मामीटर, स्टॉपवॉच
- आणि कागदपत्रं: मशीनचं टेस्ट सर्टिफिकेट, पाइपिंगचं ड्रॉइंग, पंपाची फ्लो क्षमता, संपर्क टाकीचं (पाणी ओझोनला भेटतं त्या टाकीचं) माप, एएमसीचा (वार्षिक देखभालीचा) करार

पूलवाल्यांकडे सर्रास दिसणारं पिवळ्या रंगाचं ओटी किट या कामाला चालत नाही. ते एकूण क्लोरीन दाखवतं. त्यातला कामाचा (फ्री) किती आणि घाणीशी जोडला जाऊन बांधला गेलेला किती, हे त्यावरून कळत नाही.

१. मशीन सुरू करण्याआधी कागदावर हिशोब करा

आमचा पूल १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल, म्हणजे ८६.४ घनमीटर. सगळं पाणी चार तासांत एकदा फिल्टरमधून जातं, म्हणजे तासाला २१.६ घनमीटर. ओझोनवरच मुख्य भिस्त ठेवायची तर जर्मन पद्धतीत दर घनमीटरला साधारण १ ग्रॅम ओझोन धरतात. त्या मापाने आम्हाला तासाला एकवीस-बावीस ग्रॅमचं मशीन लागलं असतं. आमच्याकडे बसवलं होतं ५ ग्रॅमचं. सगळं पाणी त्यातून गेलं तर वाट्याला येतो दर लिटरला ०.२३ मिलिग्रॅम, तोही सगळा विरघळला तर.

टाकीचाही हिशोब करा. तासाला २१.६ घनमीटर पाणी २०० लिटरच्या टाकीतून गेलं तर ते तिथे फक्त ३३ सेकंद थांबतं. दोन मिनिटं थांबवायचं असेल तर ७२० लिटरची टाकी हवी. ओझोनचं प्रमाण आणि भेटीचा वेळ यांचा गुणाकार हेच त्याचं खरं बळ. आमच्याकडे दोन्ही आकडे लहान, त्यामुळे गुणाकार आणखीच लहान.

लहान मशीन म्हणजे पैसे पाण्यात गेले असं नाही. पाण्याचा काही भागच वळवून त्याला ओझोन देणाऱ्या जोडण्या असतात, त्यांचा क्लोरामाईन्स कमी करायला उपयोग होतो. पण मग क्रिप्टोस्पोरिडियम मारण्याचा दावा मान्य करू नका आणि क्लोरीन तर अजिबात कमी करू नका. हा हिशोब मी सही करण्याआधी केला असता तर पुढचं बरंच काही टळलं असतं. अर्धा तास लागतो, कॅल्क्युलेटर पुरतो.

२. दोन आठवडे ओझोन बंद ठेवून नोंदी घ्या

या पायरीला सगळे कंटाळतात, कारण मशीन आलेलं असतं आणि सुरू करायची घाई असते. पण आधीचे आकडे नसतील तर नंतर फरक कशाशी ताडून बघणार?

रोज ठरलेल्या वेळी (आम्ही सकाळी सहा आणि रात्री आठ ठेवल्या) या नोंदी घ्या: फ्री क्लोरीन, एकूण क्लोरीन, पीएच, पाण्याचं तापमान, दिवसभरात पोहलेल्यांची संख्या, घातलेला क्लोरीन किलो किंवा लिटरमध्ये, बॅकवॉश (फिल्टर उलट्या पाण्याने धुणं) कधी केला, टँकरचं किंवा नळाचं किती पाणी भरलं. एकूणातून फ्री वजा केलं की उरतो तो बांधलेला क्लोरीन, म्हणजे मुख्यतः क्लोरामाईन्स. डोळे आणि नाक झोंबतात ते त्याच्यामुळे. तो ०.२ पीपीएमच्या खाली असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या जलतरण तलावांच्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे.

यातला एक सापळा असा: क्लोरीन खूप जास्त झाला, दहा पीपीएमच्या वर गेला, तर डीपीडीचा गुलाबी रंग उमटून लगेच उडतो आणि नळी पांढरी दिसते. ऑपरेटरला वाटतं क्लोरीन संपलाय, तो आणखी घालतो. शंका आली तर नमुन्यात दहापट शुद्ध पाणी मिसळून पुन्हा मोजा.

तुमच्याकडे टीसीसीए (क्लोरीनचा एक प्रकार) पावडर किंवा गोळ्या वापरत असतील तर त्यातून पाण्यात उतरणारं सायन्युरिक ॲसिडही एकदा मोजून ठेवा. ते साठत जातं आणि क्लोरीनला मंद करतं. आकडे चांगले दिसूनही पाणी बिघडलं, तर पहिला संशय त्याच्यावर घ्या.

३. पंप रूममध्ये शिरण्याची शिस्त

ही पायरी गाळू नका. पंप रूम बहुधा तळघरात असते आणि ओझोन हवेपेक्षा जड आहे, त्यामुळे गळती झाली तर तो खाली, जमिनीलगत साचतो. आठ तासांच्या कामासाठी हवेत ०.१ पीपीएम ही मर्यादा जगभर धरतात. ५ पीपीएमला तर जिवाला धोका समजतात. त्याचा वास याच्या कितीतरी आधी येतो, झेरॉक्सच्या दुकानात किंवा वीज पडल्यावर येतो तसा. पण नाक थोड्या वेळात त्या वासाला सरावतं. म्हणून “आता वास येत नाही” हे गळती थांबल्याचं लक्षण धरू नका.

आम्ही घालून घेतलेले नियम: आधी दार उघडायचं आणि एक्झॉस्ट फॅन लावायचा, पाच मिनिटं बाहेर थांबायचं, मग आत जायचं. फॅनची खेच जमिनीजवळून असावी. एकट्याने जायचं नाही. घसा खवखवला, खोकला आला, छाती भरली तर लगेच बाहेर यायचं आणि मशीन बाहेरच्या स्विचने बंद करायचं. हा स्विच खोलीच्या बाहेरच बसवून घ्या.

मग इंटरलॉक तपासा. मशीन सुरू असताना फिल्टरचा पंप बंद करा. ओझोन काही सेकंदांत आपोआप बंद झाला पाहिजे. आमच्याकडे झाला नाही, दोघांची वायरिंग वेगवेगळी होती. म्हणजे रात्री पंप बंद आणि ओझोन चालू, असे किती दिवस गेले असतील कोण जाणे. इंटरलॉक चालत नसेल तर पुढची एकही पायरी करू नका, आधी ते दुरुस्त करून घ्या.

गळती हुडकायला एक साधी खूण आहे. नैसर्गिक रबर ओझोनने तडकतं. साधा रबर बँड ताणून मशीनच्या पाइपांजवळ लावून ठेवा. काही दिवसांत त्यावर आडव्या भेगा पडल्या तर तिथे ओझोन गळतोय. याच कारणामुळे जोडण्यांत साध्या रबराचे वॉशर आणि नळ्या चालत नाहीत. टेफ्लॉन, व्हायटॉन किंवा ३१६ ग्रेडचं स्टील हवं.

४. मशीनमधून किती ओझोन निघतो, ते समोर मोजून घ्या

बसवणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञाला हे करायला लावा आणि शेजारी उभे राहा. मशीनमधला वायू ठरलेला वेळ पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून सोडतात, द्रावण पिवळं-तपकिरी होतं. मग त्यात ॲसिड घालून सोडियम थायोसल्फेटने रंग जाईपर्यंत टायट्रेशन करतात, म्हणजे ते थेंबथेंब घालून किती लागलं ते मोजतात. ०.१ नॉर्मल (हे तीव्रतेचं माप) थायोसल्फेटचा १ मिलिलिटर म्हणजे २.४ मिलिग्रॅम ओझोन. तासाला ५ ग्रॅमचं मशीन मिनिटाला ८३ मिलिग्रॅम देतं. म्हणजे एक मिनिट वायू सोडल्यावर साधारण ३५ मिलिलिटर थायोसल्फेट लागायला हवं. आमच्या मशीनला जेमतेम निम्मं लागलं.

कारण हवेचं होतं. आमचं मशीन साधी हवा घेऊन त्यात विजेची ठिणगी पाडतं. हवा दमट असली की ओझोन घटतो आणि हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रिक ॲसिड बनून इलेक्ट्रोड खराब होतात. ड्रायरमधलं सिलिका जेल ओलं होऊन गुलाबी पडलं होतं, ते कुणी बदललंच नव्हतं.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही इथेच पाहून घ्या. तो निकामी असेल तर पंप बंद होताच टाकीतलं पाणी उलटं मशीनमध्ये शिरतं. मशीन आणि टाकी यांच्यामधल्या पारदर्शक नळीत पाण्याचे थेंब दिसले तर मशीन लगेच बंद करा.

५. संपर्क टाकीतलं पाणी: खरी परीक्षा इथे

नमुन्याचा कॉक संपर्क टाकीच्या बाहेर येणाऱ्या पाइपवर हवा, आणि तोही उरलेला ओझोन काढणाऱ्या कार्बन फिल्टरच्या किंवा मुख्य लाइनला जोडण्याच्या आधी. आमच्याकडे कॉकच नव्हता. प्लंबरकडून अर्धा इंची बॉल व्हॉल्व्ह बसवून घेतला. करारातच हा कॉक लिहून घ्या.

नमुना घेण्यात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश सांगते. कॉक एखादं मिनिट वाहू द्या. मग त्याला छोटी टेफ्लॉनची नळी लावून तिचं टोक काचेच्या बीकरच्या तळाशी टेकवा. पाणी हळू सोडा, बुडबुडे येऊ देऊ नका, बीकर काठोकाठ भरून थोडं वाहू द्या. हलवू नका, दुसऱ्या भांड्यात ओतू नका. फेसाळत, उंचावरून भरलेल्या पाण्यातला ओझोन बीकरमध्ये पोहोचेपर्यंतच उडून जातो. नमुना पंप रूमबाहेर न्यायचा नाही, तिथेच, मिनिटाभराच्या आत मोजायचा. म्हणूनच ओझोनचा नमुना लॅबला पाठवण्यात अर्थ नाही.

आता मोजणी. दोन मार्ग आहेत.

*इंडिगो.* किटमधलं निळं द्रव्य ओझोनने फिकं पडतं. जितका ओझोन, तितका निळा रंग कमी. मीटर तो फरक आकड्यात दाखवतं. साधं इंडिगो क्लोरीननेही हळूहळू फिकं होतं, म्हणून मॅलॉनिक ॲसिड घातलेलं, क्लोरीन असलेल्या पाण्यासाठीचं किट मागा आणि आकडा लगेच वाचा. मला हाच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

*डीपीडी, दोनदा.* पहिल्या नमुन्यात डीपीडी १ आणि ३ घाला. हा आकडा ओझोन आणि क्लोरीन दोघांचा मिळून येतो. दुसऱ्या नमुन्यात आधी ग्लायसीन विरघळवा, ते ओझोनला नाहीसं करतं. मग त्याच गोळ्या घाला. हा आकडा एकट्या क्लोरीनचा. दोन्हीतला फरक म्हणजे ओझोन. फोटोमीटरच्या पुस्तिकेत या फरकाचं ओझोनमध्ये रूपांतर करायचा गुणक दिला असेल तर तो लावा. काठावर एकदाच गोळी टाकून “ओझोन” दाखवणारा माणूस ही दुसरी अर्धी परीक्षा गाळतो.

दिवसातून तीनदा मोजा: पहाटे पूल रिकामा असताना, संध्याकाळच्या गर्दीत आणि रात्री बंद झाल्यावर. गर्दीत आकडा पडणारच, घाण ओझोन खाऊन टाकते. पण पहाटेही टाकीच्या तोंडाशी शून्य येत असेल तर ओझोन बनत नाही किंवा विरघळत नाही. चौथ्या पायरीत मशीन ठीक निघालं असेल तर व्हेंचुरी (ओझोन पाण्यात ओढून घेणारी अरुंद नळी) पाहा. तिची खेच कमी झालेली असते किंवा तिच्यात क्षार अडकलेले असतात.

ओआरपी मीटरवर समाधान मानू नका. पाण्याची एकूण जंतुनाशक ताकद त्यावरून कळते, ७०० मिलिव्होल्टच्या आसपास असेल तर बरंच. पण त्यात ओझोन किती आणि क्लोरीन किती, हे मीटर सांगत नाही.

६. पूलचं पाणी आणि त्यावरची हवा

पूलमध्ये पाणी परत येतं त्या तोंडाशी तीच मोजणी करा. ओझोन शून्य यावा. डीआयएन १९६४३ या जर्मन मानकात पूलमध्ये शिरणाऱ्या पाण्यासाठी दर लिटरला ०.०५ मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे. त्यावर गेला तर कार्बन फिल्टर दमला आहे किंवा बसवलेलाच नाही.

हवा मोजताना मीटर पाण्याच्या पृष्ठभागापासून वीतभर वर धरा, कारण पोहणाऱ्याचं नाक तिथे असतं. उभ्या माणसाच्या उंचीवर धरून काही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच मार्गदर्शिकेत पूलवरच्या हवेसाठी दर घनमीटरला ०.१२ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे, म्हणजे साधारण ०.०६ पीपीएम. बंदिस्त पूल असेल तर चारही कोपरे मोजा. काही मीटर क्लोरीनलाही ओझोन समजतात, म्हणून मशीन बंद ठेवून एकदा आणि चालू ठेवून एकदा असं मोजा.

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात किनाऱ्याजवळच्या बोअरवेलचं पाणी भरत असाल, किंवा मीठ घालून क्लोरीन बनवणारा पूल असेल, तर लॅबकडून ब्रोमेट हे घातक रसायन एकदा तपासून घ्या. समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइड असतं आणि ओझोन त्याचं ब्रोमेट करतो. ते नंतर सहज काढता येत नाही.

७. लॅबची तपासणी

एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली लॅब निवडा आणि नमुन्याची बाटली त्यांच्याकडूनच घ्या. त्यात थायोसल्फेट घातलेलं असतं, ते क्लोरीन मारतं. साध्या बिसलेरीच्या बाटलीत पाणी नेलं तर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. बाटली धुवू नका, औषध वाहून जाईल. रविवारी संध्याकाळी गर्दी सरत असताना, वीतभर खोलीवरून भरा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी पोहोचवा.

मागायच्या तपासण्या: ई. कोलाय आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा (दोन्ही १०० मिलिलिटरमध्ये आढळू नयेत), आणि एकूण जिवाणू (दर मिलिलिटरला २०० च्या आत). कान दुखण्याच्या तक्रारींत स्यूडोमोनास हा नेहमीचा संशयित, तो जरूर मागा. आपल्याकडचं मानक आयएस ३३२८ आहे, रिपोर्टवर त्याचा उल्लेख करायला सांगा.

८. ओझोन सुरू करून पुन्हा दोन आठवडे

क्लोरीनची पातळी आधीइतकीच ठेवा, बाकी काहीही बदलू नका, आणि दुसऱ्या पायरीतली वही तशीच भरत राहा. मग तीन गोष्टी ताडून बघा: तेवढीच पातळी राखायला दर पोहणाऱ्यामागे क्लोरीन किती लागला, बांधलेला क्लोरीन किती खाली आला, आणि खोल बाजूच्या तळाची जाळी किती स्पष्ट दिसते. आमच्याकडे ड्रायर, वायरिंग आणि टाकी नीट केल्यावर बांधलेला क्लोरीन उतरला आणि डोळे झोंबण्याच्या तक्रारी थांबल्या. क्लोरीनचा खर्च मात्र फारसा कमी झाला नाही. ओझोन क्लोरीनलाही थोडा खातो, त्यामुळे काही ठिकाणी खर्च वाढलेलाही दिसतो. विक्रेत्याने “निम्मा खर्च” सांगितला असेल तर ही वही त्याच्यासमोर ठेवा. एएमसीचे शेवटचे पैसे या नोंदी झाल्यावरच द्यायचे, असं आम्ही आता करारात लिहितो.

९. पावसाळ्यात

जूनच्या पहिल्या आठवड्यात सिलिका जेल बदला किंवा तापवून कोरडं करा, आणि सप्टेंबरपर्यंत दर सोमवारी त्याचा रंग पाहा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर त्याचे फिल्टर पाहा, ओल त्यालाही सोसत नाही. टाकीतला पहाटेचा आकडा आठवड्यातून एकदा मोजून वहीत लिहा. तो घसरायला लागला की मशीन उघडण्याआधी ड्रायर तपासा. आमच्याकडे गेल्या दोन्ही जुलैमध्ये दोष तिथेच निघाला.